एकच प्रत

शहरातल्या माणसांच्या आठवणी आता डोक्यात नव्हे, सर्व्हरवर असत. तिथली जागा संपत आली, म्हणून हेमांगीनं दुपारी सॉफ्टवेअरमधला नियम सैल केला. दोघांच्या आठवणी साधारण सारख्या असल्या, तर यापुढे एकच प्रत राहणार होती.

संध्याकाळी चहा गाळताना आई हसली. "शाळेच्या पहिल्या दिवशी त्या मोराच्या पिंजऱ्यापाशी कसली रडली होतीस गं!"

"आई, आमच्या शाळेत मोर कुठं होता?"

"होता की! माझा हात सोडेनास तू."

हेमांगीनं चहा तसाच टाकून लॅपटॉप उघडला. प्रती एक करायचं काम थांबवायला गेली, तोवर ते पूर्ण झालं होतं. जास्तीच्या प्रती पुसल्या गेल्या होत्या.

तिनं घाबरत तो पहिला दिवस आठवून पाहिला. पिंजऱ्यात मोर होता. आणि तिनं घट्ट धरलेला हात आईचा नव्हता.