शेवटचा प्रत्यय

शब्दाचं मूळ कळलं की माणूस कळतो, असं निवृत्त प्राध्यापक केळुसकर मानत. बाळकुमच्या त्या सोसायटीत असं मानणारं दुसरं कुणी नसल्यामुळे क्लबहाउसमधल्या त्यांच्या फुकट इंग्रजी वर्गाला एकट्या सखुबाई येत. सोसायटीचे टॉवर सखुबाईंच्याच भातशेतीवर उभे होते. मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटमधून त्या रोज वेळेवर खाली उतरत.

आज वर्गातला शेवटचा इंग्रजी प्रत्यय होता, 'सम'. उद्यापासून संध्याकाळी बोलायचं कुणाशी, हा प्रश्न सरांनी मनातच ठेवला.

"'लोनसम'मधला हा 'सम' म्हणजे थोडासा नव्हे हं," सर रंगात आले. "हा आपल्या संस्कृतातल्या 'सम'चा भाऊबंद. सम म्हणजे सारखा. लोनसम म्हणजे एकट्यासारखा. समजलं?"

"नाय."

"बरं, कालचा तरी?"

"त्यो पन नाय."

सरांनी खडू खाली ठेवला. "मग सखुबाई, तुम्ही रोज येता कशाला हो?"

"घरान सगली मोबाईलशी बोलतान. तुमी मानसाशी बोलताव."

सरांनी फळा पुसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पहिला प्रत्यय घेतला. सखुबाईंना तो नवीनच होता.