पडलेलं पिस्तूल

टीव्हीवरच्या दोन इन्स्पेक्टरांपैकी एक वाघ होता, दोन हातांत दोन पिस्तुलं. दुसरा भित्रा. चोर दिसला की पोट धरून संडासात पळायचा. आज तर त्याचं पिस्तूलच भांड्यात पडलं, आणि वाघाने कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर काढलं.

घरी बसून बघणारा निवृत्त फौजदार ताडकन उठला. मालिका लिहिणारा त्याचाच जुना जोडीदार होता. बावीस वर्षं दोघं एकाच जीपमधून हिंडले होते. त्याने स्पीकरवर फोन लावला.

"अरे ए दीडशहाण्या, वाघ तू आणि भित्रा मी? पिस्तूल तुझं पडलं होतं! हात मी घातला होता! बायकोने आठ दिवस मला वेगळ्या टेबलावर जेवायला वाढलं!"

"आवाज खाली. मी सगळं नोंदीप्रमाणे लिहितो."

"कसली नोंद?"

"'पडलेलं पिस्तूल माझं' असं चौकशीत तूच लिहून दिलंस. खाली सहीपण आहे तुझी."

"तुझी नोकरी वाचावी म्हणून दिलं, हरामखोरा!"

"हो, पण ते कुठे लिहिलंय?"

शेजारी बसलेल्या बायकोने टीव्ही बंद केला.

"म्हणजे तुमची बढती त्या कागदामुळे अडली? आणि मी आजवर तुमच्या बिचाऱ्या साहेबांना शिव्या घातल्या?"

तिने त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"भावोजी, पेन घ्या हातात. पुढचा भाग मी सांगते."