पश्चिमेचा समुद्र

हर्षालीचा हात खांद्यापर्यंत पाण्यात होता आणि बोटांना दगडाखाली काहीतरी चपटं लागलं. तिने ते ओढून बाहेर काढलं. तांब्याचा जुना पैसा होता, मधे भोक असलेला, कडेने हिरवा पडलेला. आपण भलतंच काहीतरी बघतोय असं तिला वाटलं. तिने पुन्हा हात घातला. आणखी एक निघाला, आणि मग निघतच राहिले.

खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळाला तांबं म्हणजे विष. नव्या गिऱ्हाइकाला ती पहिली गोष्ट हीच सांगायची. टाकीत हात घालायचा तर बोटातली तांब्याची अंगठीसुद्धा काढून ठेवायला लावायची. आणि तिच्याच घरात, तिच्याच टाकीत कोणीतरी तांबं पेरून ठेवलं होतं.

पंचवटीतल्या त्या फ्लॅटचा निम्मा हॉल या काचेच्या टाकीने खाल्ला होता. लोकांच्या घरी समुद्री टाक्यांमध्ये दगड आणि प्रवाळ मांडून देणं हा हर्षालीचा व्यवसाय. नाशकात हे कोणाच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. नदीवर फुकट मिळणारे दगड विकत कशाला घ्यायचे, असं लोक तोंडावर विचारत. मग ती त्यांना घरी आणून ही टाकी दाखवायची. कोरडे दगड जेवणाच्या टेबलावर रचून, मोडून, परत रचून तिने ही मांडणी ठरवली होती. तोवर घरच्यांनी जमिनीवर बसून जेवणं उरकली. डावीकडे उंच चढण, उजवीकडे ठेंगणी, मधून पांढऱ्या वाळूची वाट, आणि पाणी खेळायला दगडांत मुद्दाम ठेवलेली भगदाडं. त्या दगडांवर तिने नखाएवढे प्रवाळ चिकटवले आणि रोज बघत बघत वाढवले. बघायला आलेली माणसं बोलता बोलता गप्प व्हायची आणि जाताना काम देऊन जायची.

गेल्या काही आठवड्यांत ते सगळं मरत चाललं होतं. आधी शंख गेले, मग कोळंब्या, मग एकेक प्रवाळ अंग चोरत गेला आणि मागे नुसता पांढरा सांगाडा राहिला. हर्षालीने मीठ तपासलं, तापमान तपासलं, पाणी बदललं, बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. आता जोकर माशांची जोडी तेवढी फिरत होती. आणि उद्या सातपूरचे एक कारखानदार सहकुटुंब टाकी बघायला येणार होते.

घरात माणसं दोनच. नवरा रोहित मालवाहू जहाजावर नोकरीला, तो सध्या सफरीवर गेला होता. उरल्या सासूबाई, सरोजिनीताई. भोकाचे पैसे कोणाच्या डब्यातले, हे हर्षालीला विचारावं लागलं नाही. आजेसासरे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. त्यांना दक्षिणा म्हणून मिळालेले पैसे सासूबाईंनी देवघरात जपून ठेवले होते. टाकी घरात आली तेव्हा याच सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. हल्ली मात्र त्या रोज सकाळी उठून टाकीपाशी उभ्या राहायच्या, आणि वेडी हर्षाली मनातून सुखावली होती.

तिने ओल्या हाताने पैसे त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"आई, हे तुम्ही टाकलेत?"

"हो, मीच टाकले," सरोजिनीताई म्हणाल्या. काही लपवण्यासारखं केलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं.

हर्षालीचा तोल गेला. एवढा राग होता तर हातोडी घेऊन काच फोडायची होती, असं ती म्हणाली. माझे जीव तुम्ही विष घालून मारलेत, असंही म्हणाली. सासूबाईंना उलट बोलायची तिची ही पहिलीच वेळ. विष हा शब्द ऐकून सरोजिनीताईंचा चेहरा पांढराफटक पडला. हर्षालीने मासे बादलीत काढले, टाकीत नळी सोडली आणि तिचं दुसरं टोक मोरीत टाकलं. तांबं पाण्यात उतरलं होतं, दगडांत मुरलं होतं. आता त्यातलं काहीच वाचणार नव्हतं.

पाण्याचा आवाज ऐकला तशा सासूबाई धडपडत उठल्या. आणि मग त्या भडाभडा बोलायलाच लागल्या. रोहितचं जहाज ज्या वाटेने निघालंय तिथे जहाजांवर हल्ले होतात, हे त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. पाण्यात पैसा सोडून हात जोडायचे, एवढंच त्यांना येत होतं. पण गोदावरीत सोडून काय उपयोग? ती जाते पूर्वेच्या समुद्राला, आणि मुलगा आहे पश्चिमेच्या. तो समुद्र नाशकात कुठून आणायचा? तर तो सुनेनेच हॉलमध्ये आणून ठेवला होता. अरबी समुद्राचं पाणी आणि माझं पाणी एकच, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. म्हणून त्या रोज सकाळी एक पैसा सोडायच्या. तांब्याने पाणी शुद्धच होतं, यात त्यांना कधी शंका आली नव्हती. मग पोवळी पांढरी पडायला लागली आणि त्यांना धडकी भरली. समुद्र कोपला असं समजून त्या मुठीमुठीने पैसे टाकायला लागल्या.

उंच चढणीचा माथा पाण्याबाहेर आला होता. सासूबाईंनी खाली वाकून नळी दोन्ही हातांनी दुमडून धरली.

"तुझं सगळं माझ्या हातून मेलं गं," त्या म्हणाल्या. "पण पाणी काढू नकोस. रोहित अजून समुद्रातच आहे."