राजासमोर

१९८६ च्या पाडव्याला अमेरिकेत कॅरी गावातली मराठी मंडळी जेवायला जमली, तेव्हा बाबांनी सुलेखाला शाळेत पहिलं आलेलं भाषण म्हणायला लावलं. सतराव्या शतकात एक इंग्लिश खासदार राजाच्या मनमानीविरुद्ध पार्लमेंटमध्ये बोलला. माफी मागितली असती तर सुटला असता. पण तो तुरुंगातच मेला.

टाळ्या पडल्या.

“आता हिस्टरी घेणार वाटतं?” उत्तराकाकूंनी विचारलं.

“छे हो, बारावीनंतर थेट मेडिकलच्या प्रोग्रॅमला अ‍ॅडमिशन मिळालीय तिला,” बाबा हसले.

“ती मी काल फोन करून कॅन्सल केली,” सुलेखा म्हणाली. आज सगळ्यांसमोर सांगायचं, हे तिनं ठरवूनच ठेवलं होतं.

बाबांचं हसू मावळलं. “काय केलंस?”

श्रीखंड वाढणारे हात थांबले.

“सॉरी, बाबा,” सुलेखा म्हणाली. “उद्या परत मागून घेते.”