दम्याचा पंप

"आधी पंप टेबलावर ठेवा," संरक्षण अधिकारी बाई म्हणाल्या.

शिंप्यानं निळ्या पाउचसकट पंप पुढे सरकवला. पाउच त्यानंच शिवला होता. टाके दिसतील तर शपथ. पंप मात्र जुना, वापरलेला. नवा आणला असता तर नसता संशय आला असता.

"लेकीचा आहे हो. तिला दम लागतो. आई तिला घेऊन गेली, पंप घरीच राहिला." त्याचा आवाज कातर झाला. "पत्ता द्या, उभ्या उभ्या देऊन येतो."

"पत्ता मिळायचा नाही. कोर्टाचा आदेश आहे, त्यांच्या आसपास तुम्ही फिरकायचं नाही. बायकोचा अर्जही पाठवला होता. वाचलात ना?"

"अक्षर न् अक्षर."

लिफाफा शिलाई मशीनच्या खणात तसाच बंद पडला होता. बायकांची रडगाणी कोण वाचत बसणार!

"मग तुम्हीच पोचवा, ताई. लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे."

बाईंनी पंप उलटसुलट करून पाहिला. फाइल उघडली, एक पान वाचलं, मिटली.

"आजच पोचवते."

बाहेर येताच शिंप्यानं डोळे पुसले आणि मोबाइल काढला. पाउचच्या अस्तरात शिवलेलं बटणाएवढं यंत्र चोख चालत होतं. पडद्यावर ठिपका हलला.

ठिपका बसमध्ये चढला, बाजारात उतरला, दुसऱ्या बसनं उलटा फिरला. शिंपी गालातल्या गालात हसला. फिरा बाई, हवं तेवढं फिरा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधून झालीय.

चारच्या सुमारास ठिपका एका दुमजली घरात थांबला. शिंपी माग काढत तिथं पोचला आणि समोरच्या टपरीआड उभा राहिला. थोड्या वेळानं बाई रिकाम्या हातानं बाहेर पडल्या आणि कोपऱ्यावरून वळल्या. ठिपका आतच.

त्यानं खिशातली कात्री चाचपली. जिना चढला. आतून बायकांची कुजबुज ऐकू आली. त्यानं अगदी हळू, घरच्या माणसासारखी, कडी वाजवली.

दार उघडलं. आत दोन महिला पोलीस उभ्या होत्या. निळा पाउच उसवून मेजावर पसरलेला.

"लेकीला दमा नाही, दादा. बायकोला आहे." मागे, जिन्यात बाई उभ्या होत्या. "हाच पंप तुम्ही लपवायचात, ती पाया पडेपर्यंत. अर्जाची पहिलीच ओळ आहे."