चिमणीच्या पायाची खूण

दूर अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. खुशालराव पाटलांनी अकोटात नवं घर बांधलं. दारावर नरनाळा किल्ल्याच्या पडक्या कमानीतलं दगडी कमळच हवं, म्हणून पाथरवट जैनुद्दीनला घेऊन गड चढले. जैनुद्दीनने छिन्नी टेकवायला कमळाखालची माती झटकली आणि हात थबकला. तिथे चिमणीच्या पायासारख्या तीन रेघा होत्या. त्याच्या घराण्यातला प्रत्येक पाथरवट आपल्या दगडावर हीच खूण कोरत आला होता. “काहून थांबला? मजुरी दुप्पट देतो,” पाटील म्हणाले. “हे माह्या पुरख्याचं काम हाय, पाटील. दगड निघाला, तं त्याचं काम कच्चं. नाही निघाला, तं माहा हात कच्चा.” त्याने कमळ वितीने मोजलं आणि छिन्नी कमरेला खोचली. “नवं कमळ कोरून देतो, एक पाकळी जास्त. कोणाच्या बापाच्यानं निघणार नाही.”