माहेरची वाट

राहीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आणि सासूबाई ओसरीवर पालथ्या. माहेरचं नाव निघालं, की त्यांच्या कमरेत उसण भरायचीच. सून पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली; तिनं पाठीला पाय लावला तरच उसण उतरायची, आणि तोवर एसटी निघून जायची. “राहीच्या माहेरची वाट सासूच्या कमरेतून जाते,” शेजारणी हसायच्या.

उद्या भावाची हळद होती. राहीनं उचललेला पाय खाली टेकवला. “आत्याबाई, मी पायाळू नाहीच. तुम्हाला उसण भरते हे ऐकून, लग्न जुळावं म्हणून आईनं थाप मारली होती.”

“ते मला कधीचं ठाऊक आहे,” सासूबाई पालथ्याच म्हणाल्या. “पण तुझ्याशिवाय माझ्या पाठीला कुणी बोटसुद्धा लावत नाही गं.”

राहीनं पाय हलकेच त्यांच्या पाठीवर ठेवला. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, तरी पाय तिला उचलवेना.